कुलगुरू महोदय, कोनशिला बसवण्याआधी उत्तरपत्रिका मोजा

प्रति,
राज्यातील सार्वजनिक विद्यापीठांचे कुलगुरू, प्र-कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदांचे सन्माननीय सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ कुलगुरूंना पाच वर्षे देतो. त्याआधी वयाची पासष्टी आली तर तेवढीही नाहीत, आणि पुनर्नियुक्तीची सोय नाही. पहिले काही महिने विद्यापीठ समजून घेण्यात जातात. शेवटच्या सहा महिन्यांत पुढच्या कुलगुरूंच्या शोधाची चर्चा सुरू होते आणि टेबलावरची फाइल हलेनाशी होते. कामाची म्हणावीत अशी चार वर्षे उरतात, म्हणजे आठ सत्रे आणि आठ परीक्षा हंगाम.

या आठांपैकी पहिली दोन सत्रे एकही नवी घोषणा न करता परीक्षा विभाग आणि रिक्त पदे या दोनच कामांना द्या, एवढेच सांगायला हे पत्र लिहीत आहोत. वाढीसाठी लागणारा पैसा, माणसे आणि लोकांचा विश्वास हे सगळे याच दोन ठिकाणी अडकून पडले आहे. नवे केंद्र, नवी इमारत, नवा अभ्यासक्रम यांना आमचा विरोध नाही. मात्र आधीचा भार पेलत नसताना वर चढवलेला नवा भार कोणाच्या खांद्यावर येतो, ते आम्ही विभागांत आणि मूल्यमापन केंद्रांत जवळून पाहिले आहे.

परीक्षेपासून सुरुवात करू. निकाल शेवटच्या पेपरनंतर ३० दिवसांत लावावा आणि काही झाले तरी ४५ दिवसांच्या पुढे जाऊ नये, असे कायदाच सांगतो. हे जमेल की नाही याचा अंदाज परीक्षा सुरू होण्याआधी कागदावर करता येतो. समजा ४० हजार विद्यार्थी प्रत्येकी सहा पेपर देणार आहेत. उत्तरपत्रिका झाल्या २ लाख ४० हजार. एक परीक्षक दिवसाला नीट वाचून ३० तपासतो असे धरले, तर ८ हजार परीक्षक-दिवस लागतील. तपासणी २५ दिवसांत संपवायची तर रोज ३२० परीक्षक खुर्चीवर बसलेले हवेत. आले २०० तर तेच काम ४० दिवस चालेल. त्यावर नियमन (तपासलेल्या काही उत्तरपत्रिकांची वरिष्ठांकडून फेरतपासणी), गुणांची नोंद आणि पडताळणी धरली की ४५ दिवसांची मुदत उलटलीच. हा हिशेब विषयवार करून ठेवा. एकूण आकडा दिलासा देणारा दिसतो आणि घात होतो एखाद्या विषयात, जिथे उत्तरपत्रिका नऊ हजार असतात आणि मान्यताप्राप्त शिक्षक अकरा.

मुंबई विद्यापीठाचा २०१७ चा उन्हाळा आठवावा. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय ऐन हंगामात अमलात आला. वरच्याच मापाने ते काम सुमारे ५७ हजार परीक्षक-दिवसांचे होते. स्कॅनिंग मागे पडले, शिक्षकांचे प्रशिक्षण तपासणीच्या बरोबरीने चालू राहिले, राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत गेली आणि पुढच्या प्रवेशांसाठी अर्ज केलेली मुले निकालाविना ताटकळली. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. पद्धत वाईट नव्हती, ती नंतर रुळलीही. पण एका विद्याशाखेत एक हंगाम चालवून पाहायची गोष्ट सगळ्या विद्याशाखांना एका दमात लावली गेली. तुमच्याकडे उद्या नव्या प्रणालीचा प्रस्ताव येईल तेव्हा एकच अट घाला: पहिल्या हंगामात एकूण उत्तरपत्रिकांच्या दहा टक्क्यांच्या वर नाही, आणि तोपर्यंत जुनी पद्धत मोडायची नाही.

एक गठ्ठा घेऊन त्याच्या मागे चालत जा, म्हणजे विलंब कुठे होतो ते आपोआप दिसेल. पेपर संपतो. कनिष्ठ पर्यवेक्षक उत्तरपत्रिका गोळा करतो आणि उपस्थितीपटाशी ताडून गठ्ठा बांधतो. घाईत बारकोडचे स्टिकर एका ओळीने सरकते, मग पुढच्या सगळ्या मुलांचे गुण एकमेकांच्या नावावर जातात. पुरवणीचा दोरा सैल असेल तर ती सुटते आणि कोणाची ते कळत नाही. जुन्या आणि नव्या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी एकाच वर्गात बसतात, पाकिटावर पेपर कोड एकच लिहिला जातो आणि गठ्ठा चुकीच्या परीक्षकाकडे पोहोचतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर हे अधिक होते आहे, कारण एकाच वेळी दोन-तीन पॅटर्न चालू आहेत आणि मागे राहिलेल्या पाच-सात मुलांसाठीही वेगळी प्रश्नपत्रिका काढावी लागते. तपासणी झाली तरी महाविद्यालयाने अंतर्गत गुण भरलेले नसतात किंवा पात्रता विभागाने जुनी कागदपत्रे मंजूर केलेली नसतात. निकाल ‘राखीव’ राहतो. विद्यार्थ्याला एवढेच समजते की विद्यापीठाने आपला निकाल अडवला.

यातल्या बहुतेक दुरुस्त्यांना पैसे लागत नाहीत. अंतर्गत गुण लेखी परीक्षेच्या पहिल्या दिवसाआधी भरून घ्या, पोर्टल त्या दिवशी बंद करा आणि गुण न भरणाऱ्या महाविद्यालयांची नावे संकेतस्थळावर लावा. पात्रता पहिल्या सत्रातच पूर्ण करा. ती सहाव्या सत्रापर्यंत लोंबकळत ठेवली की पदवी प्रमाणपत्राच्या वेळी मूळ घोटाळा सापडतो आणि तेव्हा दुरुस्त करणारे कोणी उरलेले नसते. स्टिकर लावल्यावर दर वीस उत्तरपत्रिकांमागे एक आसन क्रमांक मोठ्याने वाचून ताडण्याची सवय केंद्रप्रमुखांना लावा. दोन मिनिटांचे काम आहे.

आणि परीक्षकांची बिले द्या. मागच्या दोन हंगामांचे मानधन आणि प्रवासभत्ता अडकलेला शिक्षक तिसऱ्या हंगामात वैद्यकीय दाखला पाठवतो, याचे आश्चर्य वाटायला नको. निकाल जाहीर होण्याच्या तारखेपर्यंत त्या विषयाच्या परीक्षकांचे पैसे खात्यात गेलेच पाहिजेत, असा ठराव व्यवस्थापन परिषदेने करावा. मूल्यमापन केंद्रावरची उपस्थिती त्यामुळे जितकी सुधारेल, तितकी कोणत्याही कडक परिपत्रकाने सुधारणार नाही.

पुनर्मूल्यांकनाकडे बहुतेक ठिकाणी उत्पन्नाची बाब म्हणून पाहिले जाते. ते थर्मामीटर आहे. ज्या विषयात छायाप्रत मागवलेल्या मुलांपैकी निम्म्यांचे गुण बदलतात, तिथे मूळ तपासणीच बिघडली आहे. विषयवार हे प्रमाण दर हंगामात विद्यापरिषदेपुढे आले, तर पुढच्या वेळी नियामक कोणाला नेमायचे आणि आदर्श उत्तरे कोणाकडून लिहून घ्यायची, हे ठरवणे सोपे जाईल.

आता पदांकडे. परीक्षा आणि पदे हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच. उत्तरपत्रिका तपासायला मान्यताप्राप्त शिक्षक लागतो. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तासांचे पैसे मिळतात आणि सत्र संपले की त्याची नेमणूकही संपते. नेमक्या तपासणीच्या महिन्यात त्याला बोलवायला विद्यापीठाकडे ना अधिकार असतो ना तोंड. निम्मी पदे रिकामी असलेला विभाग शिकवण्यात मागे पडतो, तपासणीत मागे पडतो आणि संशोधनात तर कोसळतोच.

संशोधनाचे गणित पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. विनियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. तिन्ही श्रेणींत एकेक शिक्षक असलेल्या विभागाची क्षमता १८ झाली. प्राध्यापक निवृत्त झाले की ती १० वर येते. ती घसरण सुरू होते मात्र त्याच्या तीन वर्षे आधी, कारण निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्या मार्गदर्शकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे पद रिक्त होण्याच्या तीन वर्षे आधीपासून त्या आठ जागांवर नवी भरती थांबलेली असते. नंतर पद भरायला आणखी चार वर्षे लागली, तर सात वर्षे एका मार्गदर्शकाचा हात रिकामा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या संस्था-क्रमवारीच्या मूल्यमापनात संशोधनाला ३० टक्के आणि अध्यापन व साधनांना ३० टक्के भार आहे. क्रमवारी घसरली की सल्लागार नेमण्याचा प्रस्ताव येतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

पद मंजूर करणे तुमच्या हातात नाही, हे आम्हाला माहीत आहे. शासनाच्या वित्त विभागात फाइल किती काळ राहील हे कोणताही कुलगुरू सांगू शकत नाही. पण मंजुरी आल्यानंतरही दीड-दोन वर्षे विद्यापीठातच जातात आणि ती वाचवता येतात. वाट अशी आहे: कार्यभाराची तपासणी, बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे, याचा क्रमवार तक्ता), विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तिची पडताळणी, जाहिरात, अर्जांची छाननी, निवड समितीची बैठक, नियुक्ती. घोडे बहुधा बिंदुनामावलीत पेंड खाते. मंजुरीच्या वेळी तयार केलेली नामावली पडताळणी होईपर्यंत एका निवृत्तीने आणि एका राजीनाम्याने जुनी होते, मग सगळा तक्ता पुन्हा. कधी जाहिरातीत आरक्षणाचा बिंदू संदिग्ध राहतो आणि प्रकरण उच्च न्यायालयात जाते. कधी सगळे जुळून येते, पण दोन विषयतज्ज्ञ आणि कुलपतींचे (म्हणजे राज्यपालांचे) नामनिर्देशित सदस्य यांच्या तारखा जुळत नाहीत आणि तेवढ्यात निवडणुकीची आचारसंहिता लागते.

राज्यातला विद्यापीठीय शिक्षक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. जन्मतारीख सेवापुस्तकात आहे. पुढच्या पाच वर्षांत कोणत्या महिन्यात कोणत्या विभागातले कोणते पद रिकामे होणार, याची यादी आस्थापना विभाग एका आठवड्यात देऊ शकतो. ती मागवा. प्रत्येक निवृत्तीनंतर पंधरा दिवसांत बिंदुनामावली अद्ययावत करण्याची जबाबदारी एका नावानिशी अधिकाऱ्यावर टाका. विषयतज्ज्ञांची यादी विद्यापरिषदेकडून आधीच मंजूर करून घ्या, प्रत्येक विषयाला किमान दहा नावे, म्हणजे दोघे नाही म्हणाले तरी बैठक अडणार नाही. छाननी विनियमांच्या तक्त्याप्रमाणेच करा आणि अपात्रतेचे कारण उमेदवाराला लेखी कळवा. कारण न कळवलेले अर्जच पुढे याचिका होऊन परत येतात.

नव्या अभ्यासक्रमांबद्दल थोडे स्पष्ट लिहितो. विभागप्रमुखाकडून ‘एमएस्सी, ४० जागा, विनाअनुदान’ असा प्रस्ताव आला की शुल्काचे उत्पन्न ठळक दिसते. कार्यभार मात्र कोणी मांडत नाही. दोन वर्षांचा अभ्यासक्रम ८८ क्रेडिटचा धरला तर एका सत्रात २२, आणि दोन्ही वर्षे एका वेळी चालतात म्हणून आठवड्याला ४४ क्रेडिट शिकवायचे. निम्मे प्रात्यक्षिकांचे मानू. लेखी विषयाच्या एका क्रेडिटला आठवड्याचा एक तास म्हणजे २२ तास. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला दोन तास म्हणजे ४४, आणि प्रयोगशाळेत एका वेळी २० मुले मावतात म्हणून दोन तुकड्या, म्हणजे ८८. एकूण ११० तास. सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष अध्यापनभार आठवड्याला १६ तासांचा आहे, म्हणजे सात शिक्षक लागतील. प्रकल्प आणि कार्यप्रशिक्षणाचे क्रेडिट वजा केले तर पाच-सहा. प्रस्तावात मात्र ‘दोन तासिका शिक्षक’ लिहिलेले असते. उरलेले तास त्याच विभागातल्या नियमित शिक्षकांच्या संशोधनाच्या वेळातून कापले जातात किंवा प्रात्यक्षिके कागदावर होतात. हा तक्ता जोडलेला नसेल तर प्रस्ताव विद्यापरिषदेपुढे ठेवूच नका, अशी आमची विनंती आहे.

यंत्रांचेही तेच. केंद्राच्या पीएम-उषा या उच्च शिक्षण योजनेतून काही विद्यापीठांना १०० कोटींपर्यंत, काहींना २० कोटींपर्यंत निधी मंजूर झाला. पैसा मोठा आहे आणि तो आलाच पाहिजे. पण ५० लाखांचे उपकरण घेतले तर वार्षिक देखभालीचा करार किमतीच्या पाच टक्के धरला तरी दर वर्षी अडीच लाख लागतात, शिवाय स्थिर वीजपुरवठा, वातानुकूलन आणि ते चालवणारा तंत्रज्ञ. एकरकमी अनुदानात यंत्र बसते. देखभालीचा पैसा विद्यापीठाच्या सर्वसाधारण निधीतूनच काढावा लागतो. तंत्रज्ञाचे पद नसेल तर हमीचा काळ संपेपर्यंत खोली कुलूपबंद राहते आणि पहिला बिघाड हमी संपल्यावरच कळतो. खरेदीच्या ठरावातच पुढच्या पाच वर्षांची देखभाल आणि यंत्राची चावी सांभाळणाऱ्या माणसाचे पदनाम लिहा. निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र केंद्राच्या वित्तीय नियमांतल्या जीएफआर १२-ए नमुन्यात वेळेवर गेले नाही तर पुढचा हप्ता थांबतो, म्हणून लेखा विभागातला एक माणूस केवळ प्रकल्पांसाठी ठेवणेही परवडते.

संलग्न महाविद्यालयांच्या संख्येवर विद्यापीठाचा मोठेपणा मोजायची आपली जुनी सवय आहे. भार असह्य झाला की विद्यापीठ विभागायचे, हाही जुनाच मार्ग. १९२३ च्या नागपूर विद्यापीठातून १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गोंडवाना वेगळे झाले. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून २००४ मध्ये सोलापूर बाहेर पडले. त्यामुळे विद्यार्थ्यांचे हेलपाटे वाचले, ही मोठी गोष्ट. पण संलग्नतेचे ओझे तेच राहिले, फक्त वाटले गेले. आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पंधरा वर्षांत संलग्नतेची पद्धतच टप्प्याटप्प्याने संपवा असे म्हणते. मोठी महाविद्यालये स्वायत्त होत आहेत आणि त्यांच्याबरोबर परीक्षा शुल्काचा मोठा वाटाही जातो आहे. मागे उरतात लहान, दूरची, कमी पटाची महाविद्यालये, जिथे एका विद्यार्थ्यामागे परीक्षेचा खर्च अधिक येतो. उत्पन्न घटते, खर्च तेवढाच राहतो, आणि अर्थसंकल्पात तूट दिसू लागली की ठेवी मोडल्या जातात.

म्हणून दोन गोष्टी. पुढच्या पाच वर्षांत कोणती महाविद्यालये स्वायत्त होतील याचा अंदाज घेऊन परीक्षा शुल्काच्या उत्पन्नाचा वर्षवार तक्ता आजच अधिसभेपुढे ठेवा. आणि कलम १०७ खालचा बृहत् आराखडा, सध्या २०२४-२५ ते २०२८-२९ चा, बिंदू (नव्या महाविद्यालयांसाठीची ठिकाणे) वाढवण्याची यादी म्हणून वापरू नका. कलम १०९ खाली नव्या महाविद्यालयाचा अर्ज आला की पंचवीस किलोमीटरच्या परिघातल्या महाविद्यालयांचा प्रत्यक्ष पट मागवा. मंजूर जागा विचारू नका, प्रत्यक्ष परीक्षेला बसलेले विद्यार्थी विचारा. तिथे निम्मे वर्ग रिकामे असतील तर नव्या महाविद्यालयाने जुन्याचे विद्यार्थी विभागले जातील आणि दोन्हीकडे शिक्षक टिकणार नाहीत. राजकीय दबाव येतो, हे सांगायला नको. लेखी आकडा समोर असेल तर परिषदेतल्या सदस्यालाही नाही म्हणायला आधार मिळतो.

कलम १२(७) बद्दलही लिहायला हवे. तातडीच्या प्रसंगी प्राधिकरणाच्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार कुलगुरूंना आहे, तो हवाच. पण परिषदेच्या कार्यसूचीत ‘कार्योत्तर मान्यता’ या शीर्षकाखाली पाने भरू लागली, की सदस्य बैठकीला सह्या करायला येऊ लागतात आणि पुढचा वादग्रस्त निर्णय एकट्या कुलगुरूंच्या अंगावर येतो. दर बैठकीत किती विषय या कलमाखाली आले आणि प्रत्येकात तातडी कोणती होती, याची एका ओळीची नोंद इतिवृत्तात ठेवा.

प्रभारी पदांबद्दल थोडक्यात. कुलसचिव, परीक्षा व मूल्यमापन मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी आणि अधिष्ठाता ही पदे प्रभारी ठेवून कोणतीही योजना दोन सत्रांच्या पुढे जात नाही. प्रभारी माणूस कितीही चांगला असला तरी तो मोठ्या निविदेवर सही करायला कचरतो, आणि त्याचे कचरणे बरोबर असते. या पदांची जाहिरात मुदत संपायच्या सहा महिने आधी निघावी. हेच कुलगुरूपदालाही लागू आहे, आणि ही विनंती मा. कुलपतींच्या कार्यालयाला आहे.

शेवटी एक मागणी. दर महिन्याच्या पाच तारखेला विद्यापीठाच्या संकेतस्थळावर एक पान लावा. त्यावर सहा आकडे असावेत: जाहीर व्हायचे राहिलेले निकाल आणि त्यांतले ४५ दिवसांपुढचे किती, कारणासह राखीव निकालांची संख्या, परीक्षकांची थकीत बिले, रिक्त शिक्षकपदे आणि त्यांतल्या प्रत्येकाची फाइल आज कोणत्या टेबलावर आहे, कलम १२(७) खाली घेतलेले निर्णय, आणि बंद पडलेली दहा लाखांवरची उपकरणे. हे पान तयार करायला नवे सॉफ्टवेअर लागत नाही, सहा विभागांचा प्रत्येकी एक कागद लागतो. पहिल्या महिन्यात आकडे वाईट दिसतील. वर्तमानपत्रात मथळे येतील, अधिसभेत आवाज चढेल. तरीही ते लावा, आणि दुसऱ्या महिन्यातही लावा. पहिले पान आम्हाला येत्या सत्राच्या पहिल्या महिन्यात पाहायला मिळावे, अशी अपेक्षा आहे.

आपले नम्र,
विद्यापीठ विभागांत, परीक्षा केंद्रांवर आणि लेखा शाखेत काम केलेले काही शिक्षक व प्रशासकीय कर्मचारी